हातचा एक

चार वर्षांत मी एकूण अकरा मिनिटं खेळले.
तीही ऑक्टोबरात, आम्ही चार-शून्य पुढे असताना,
समोरच्या पोरी दमून बसकडे बघायला लागल्या तेव्हा.

बेरीज करताना आकड्याच्या डोक्यावर बारीक लिहितात ना,
हातचा एक,
तशी मी. बाकाच्या टोकाला, बाटल्यांच्या खोक्यापाशी,
पाठीवर तीस नंबर.
विसरू नये म्हणून लिहितात.
उत्तरात मात्र तो कुठे दिसत नाही.

आज फायनल. डिसेंबरचा पहिला शनिवार,
मिझुरीतलं परकं मैदान, थंडीनं ताठलेलं गवत.
बाबा मिनेसोटाहून नऊ तास गाडी हाकत आलेत,
बर्फ काढायच्या ट्रकवरची पाळी कुणाला तरी देऊन,
मला बसलेली बघायला.
हातात पुठ्ठा, त्यावर मार्करनं: तीस.
नियम त्यांना अजून कळत नाहीत.
ऑफसाइडच्या गोलालाही टाळ्या वाजवतात.

सामना कसा झाला म्हणाल तर धड सांगता येणार नाही.
बाकावरून सामना दिसत नाही, पाय दिसतात,
कोच लुंडीनची पाठ दिसते,
कोटाच्या खिशात वळलेल्या मुठी.
ब्रिननं एक चेंडू बोटांच्या टोकांनी असा बाहेर काढला
की माझीच बोटं ग्लव्हजमध्ये दुखली.
नव्वद मिनिटं एक-एक.
जादा वेळ दोनदा दहा, तरी एक-एक.

मग पेनल्टी.

माझ्या वहीत त्यांच्या प्रत्येकीचं पान होतं.
दोन नंबर, डावीकडे, जमिनीलगत.
चौदा, धावता धावता अडखळल्याचं सोंग करते, फसू नये.
रात्री जागून, जुने सामने मागेपुढे करत उतरवलेलं.
ब्रिननं पानं फाडून घेतली, घडी करून मोज्यात खोचली.
दोन अडवल्या तिनं.
आमच्याही दोन वाया गेल्या होत्या.
राहिली शेवटची, मरिसोलची. गेली तर बरोबरी.

मरिसोल किंतेरो, सरावात बोलत बोलत गोल मारणारी.
तिची आई एल पासोत, हॉटेलच्या लाँड्रीत,
ड्रायरवर फोन टेकवून बघत होती.
चेंडू बारला लागला.
टण्ण. एवढंच.
मग पिवळ्या कागदाचे तुकडे उडाले,
दुसऱ्यांसाठी कापून ठेवलेले,
आमच्याही केसांत अडकले.

बस दहाला निघणार होती.
चेंडू गोळा करायचं काम माझंच, म्हणून मी परत गेले.
अर्धे दिवे मालवलेले. मरिसोल त्या पांढऱ्या ठिपक्यापाशी
उकिडवी बसली होती.
वर न बघताच म्हणाली, "उभी राहा."

माझे ग्लव्हज अजून हातातच होते, कोरडे, नवे असल्यासारखे.
ती काय मागत होती ते मला कळत होतं.
जाळीचा आवाज. फक्त तेवढा आवाज, झोपण्याआधी.
मी जागची हलले नसते तरी भागलं असतं.

पण वहीत आमच्या मुलींचीही पानं होती.
मरिसोल: चिडलेली असली की उजवीकडे, वर.
आणि चार वर्षं अंगात साठलेलं काहीतरी
मला न विचारता उडालं.

खांदा आपटला. तोंडात माती, गवत, एक पिवळा कागद.
चेंडू छातीशी.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मी म्हणाले, "चुकून."
"खोटारडे," ती म्हणाली. "मेले, आज तरी सोडायचास."
आणि हसली, नाक पुसत,
आणि मग खरंच रडली, संध्याकाळपासून पहिल्यांदा.

कुंपणापलीकडे, गाड्यांच्या अंधारात,
कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.
या वेळी बरोबर ठिकाणी.

पिशवीत अकरा चेंडू भरले.
बारावा मी रात्रभर बसमध्ये
मांडीवर घेऊन बसले.